आईला शिकवण्याआधी आईला विचारा



यंदाच्या व्याख्यानासाठी तुम्ही सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांचा आणि त्यांच्या आईवडिलांचा विषय निवडलात, याबद्दल सर्वांत आधी आभार मानते. हा विषय एरवी दवाखान्यातच बोलला जातो. तिथे वेळ थोडा असतो आणि दाराबाहेर रांग लागलेली असते. इथे मला तासभर मिळाला आहे. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे आणि माझं कामाचं आयुष्य या मुलांबरोबर गेलं आहे. तेव्हा मी तटस्थपणे बोलणार नाही. मी आईवडिलांची बाजू घेणार आहे, आणि ती घेताना माझ्याच व्यवसायाला काही प्रश्न विचारणार आहे.

आधी थोडक्यात माहिती. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे आपण ज्याला मेंदूचा पक्षाघात म्हणतो, तो हजार मुलांमागे साधारण दोन ते तीन मुलांना होतो. वाढत्या मेंदूला पोटात असताना, जन्माच्या वेळी किंवा जन्मानंतरच्या पहिल्या काळात इजा होते आणि शरीराच्या हालचालींवरचा ताबा बिघडतो. कुणाचे पाय ताठ होतात आणि चालताना त्यांची कात्री होते. कुणाची शरीराची एकच बाजू अवघडलेली असते. कुणाचे हातपाय मनाविरुद्ध हलत राहतात. काहींना फिट येतात, काहींना गिळायला त्रास होतो, काहींना बोलता येत नाही. ज्याला बोलता येत नाही त्याला समजतही नाही, असं मात्र कुणी धरून चालू नये. मेंदूतली इजा पुढे वाढत नाही, पण मूल वाढतं. हाडं लांब होतात, ताठ स्नायू त्यांच्याबरोबर पुरेसे वाढत नाहीत, सांधे आखडतात, खुब्याचा सांधा हळूहळू खोबणीतून सरकतो. म्हणून उपचार एका ऋतूत संपत नाहीत. ते वर्षानुवर्षं चालतात, आणि इतकी वर्षं मुलाजवळ डॉक्टर नसतो, थेरपिस्ट नसतो. घर असतं.

आपल्याकडे ही गोष्ट एका ठरलेल्या वाक्याने सुरू होते. "बाळ जन्मल्यावर लगेच रडलं नाही." मग काचेची पेटी, मग कधी कावीळ, मग घरी आणल्यावर काही महिन्यांनी लक्षात येतं की बाळ मान धरत नाही. घरातलं मोठं माणूस म्हणतं, थांबा, याचा बापही उशिराच चालला होता. आणि ज्या क्षणी निदान होतं, त्या क्षणी घर आईकडे वळून बघतं. ग्रहणात काही चिरलंस का? जड उचललंस का? तपासण्या चुकवल्यास का? थेरपीची पहिली पायरी कोणती, असं मला विचाराल तर मी स्नायूंचं नाव घेणार नाही. हे प्रश्न थांबवणं ही पहिली पायरी आहे. कारणांबद्दल विज्ञान काय सांगतं? लंडनचे डॉक्टर विल्यम लिटल यांनी 1861 साली अवघड बाळंतपणाचा आणि मुलांच्या या ताठरपणाचा संबंध मांडला. त्यानंतर 1897 साली सिग्मंड फ्रॉइड यांनी, होय, मनोविश्लेषणवाल्याच फ्रॉइड यांनी, शंका घेतली की अवघड बाळंतपण हेच कधीकधी आधीच्या बिघाडाचं लक्षण असू शकेल. आज आपल्याला माहीत आहे की कारणं अनेक आहेत. कमी दिवसांचं बाळ, जन्मताना गुदमरणं, जंतुसंसर्ग, तीव्र कावीळ ही त्यातली काही, आणि पुष्कळ मुलांमध्ये एकच एक कारण बोट ठेवून दाखवता येत नाही. ग्रहण त्या यादीत नाही. आईच्या डोक्यावरचं हे ओझं उतरवल्याशिवाय तिला कुणी भागीदार म्हणू नये. आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या बाईशी कसली भागीदारी?

आता मुख्य मुद्द्याकडे येते. आठवड्यात 168 तास असतात. त्यातले थेरपिस्टच्या वाट्याला किती येतात? मुंबई-पुण्यात, बरी परिस्थिती असेल तर, दोन किंवा तीन. तालुक्याच्या गावात महिन्यातून एखादा. बाकीचे सगळे तास मूल घरी असतं. हा हिशेब आम्ही थेरपिस्ट फार पूर्वीपासून मांडत आलो आहोत आणि तो बरोबरच आहे. पण त्यातून आम्ही काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. निष्कर्ष असा होता: मूल घरी असतं, तर मग व्यायाम आईला शिकवा. एक कागद तयार झाला. त्यावर चित्रं. पाय ताणा, दहा वेळा. हात वर, दहा वेळा. पालथं झोपवा, वीस मिनिटं. उभं करा, अर्धा तास. दिवसातून तीनदा. पुढच्या भेटीत पहिला प्रश्न, "घरी करता ना?" आणि आईची मान खाली.

त्या कागदावर जे लिहिलं होतं ते करायला किती तास लागतील, याची बेरीज कोणी केली होती का? त्या बाईला पहाटे पाणी भरायचं असतं, डबे करायचे असतात, दुसरं एक मूल असतं, सासू-सासरे असतात, आणि या मुलाला एक घास भरवायलाच पाऊण तास लागतो. आम्ही तिला आमच्या हाताखालची, बिनपगारी मदतनीस केलं आणि त्याला पालकांचा सहभाग असं नाव दिलं.

हे फक्त आपल्याकडे घडलं असं नाही. अमेरिकेत फिलाडेल्फियाला 1950 आणि 60च्या दशकांत ग्लेन डोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक पद्धत लोकप्रिय केली. मुलाला टेबलावर झोपवायचं, एकाने डोकं धरायचं, बाकीच्यांनी हातपाय धरायचे आणि रांगण्याच्या लयीत ते हलवत राहायचे. दिवसातून पुन्हा पुन्हा, आठवड्याचे सातही दिवस. आईवडील, शेजारी, चर्चमधले स्वयंसेवक असे सगळे पाळ्या लावून घरी येत. पालकांचा सहभाग मोजायचाच झाला तर याहून जास्त कुठे सापडेल? आणि तरी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 1968, 1982 आणि 1999 साली पुन्हा पुन्हा सांगितलं की या पद्धतीच्या दाव्यांना आधार नाही, आणि ती कुटुंबावर फार मोठा भार टाकते. मूल सुधारलं नाही तर दोष कोणाचा? घरचे कमी पडले, असंच वाटायला ती पद्धत मोकळीक देत होती. ज्या आईवडिलांनी नोकऱ्या सोडल्या, भावंडांना बाजूला ठेवलं, त्यांच्याच पदरात शेवटी अपराधीपणा आला.

त्याच काळात लंडनमध्ये वेगळं काही आकार घेत होतं. नाझी राजवटीतून निसटून तिथे आलेल्या बर्टा आणि कारेल बोबाथ या दांपत्याने मुलाला कसं धरायचं, कसं हाताळायचं यावर भर दिला. त्यांच्या सिद्धान्ताचा बराच भाग पुढच्या संशोधनात टिकला नाही, हे मी लपवणार नाही. पण त्याच परंपरेतल्या नॅन्सी फिनी यांनी 1968 साली थेट आईवडिलांसाठी एक पुस्तक लिहिलं. मुलाला उचलायचं कसं, अंघोळ कशी घालायची, कपडे कसे चढवायचे, भरवायचं कसं, खेळवायचं कसं. व्यायामाचा वेगळा तास न काढता दिवसभराच्या घरकामातच मुलाची काळजी बसवायची, हा विचार त्यामागे होता. माझ्या पिढीतल्या अनेक थेरपिस्टांनी घर म्हणजे काय हे त्या पुस्तकातून पहिल्यांदा समजून घेतलं.

आणि मग तिसरा टप्पा आला. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात पीटर रोझेनबॉम आणि त्यांचे सहकारी काम करत होते. त्यांनी एक साधी गोष्ट धरून ठेवली: मुलाला सर्वांत जास्त ओळखतं ते त्याचं कुटुंब, आणि प्रत्येक कुटुंब वेगळं असतं. तेव्हा सेवा कुटुंबाभोवती उभी राहायला हवी, कुटुंबाने सेवेभोवती फेऱ्या घालायच्या नाहीत. पुढे रोझेनबॉम आणि यान विलेम गोर्टर यांनी सहा गोष्टी पुढे ठेवल्या. मुलाला काय करता येतं, त्याचं कुटुंब, त्याची तंदुरुस्ती, त्याची मजा, त्याचे मित्र आणि त्याचं भविष्य. बघा, या यादीत स्नायूंचा ताठरपणा किती अंशांनी कमी झाला, हे कुठे आहे? मजा मात्र आहे. मित्र आहेत.

मला जे सांगायचं आहे ते इथे येऊन ठेपतं. आईला शिकवण्याआधी आईला विचारलं पाहिजे. तुम्हाला काय हवं आहे? या सहा महिन्यांत तुमच्या घरात कोणती एक गोष्ट बदलली तर दिवस सोपा होईल? हा प्रश्न विचारल्यावर जी उत्तरं येतात ती आमच्या पाठ्यपुस्तकांत नाहीत. एक आई सांगते, याला संडासला न्यायला दोन माणसं लागतात, ते एकटीला जमलं पाहिजे. एक वडील म्हणतात, गावच्या जत्रेत याला पाळण्यात बसवायचंय, तोल सांभाळता आला पाहिजे. एक आजी म्हणते, पोरीला भाकरीचा तुकडा स्वतःच्या हाताने तोंडात घालू दे, मग मी डोळे मिटायला मोकळी. कुणाला लग्नकार्याला जायचं असतं आणि मूल अनोळखी आवाजाने ताठून रडतं म्हणून चार वर्षं कुटुंब कुठेच गेलेलं नसतं. आमच्या तपासणीच्या कागदावर या मुलांच्या नावापुढे काय असतं? ताठरपणा, गुडघ्याचा कोन, तोल. दोन्ही कागद शेजारी ठेवा. ते एकाच मुलाबद्दल आहेत हे ओळखूही येत नाही.

विचारण्याने थेरपी पातळ होते, ती भावनिक होते, असा आक्षेप घेतला जातो. मला उलट दिसतं. ध्येय नेमकं झालं की उपचारही नेमका होतो. पाळण्यात बसायचं तर कमरेचा तोल हवा, पण दोन्ही हातांनी दांडा पकडताही यायला हवा, घाबरल्यावर शरीर ताठ झालं तर काय करायचं हेही आधी ठरवायला हवं. मग सराव बागेतल्या झोपाळ्यावर होतो. सतरंजीवर पाय ताणत बसून तो होत नाही. गेल्या दोन दशकांतलं संशोधन याच दिशेने बोट दाखवतं. मुलाला जे काम करायचं आहे, त्याच कामाचा, खऱ्या जागी, मुलाने स्वतः केलेला सराव उपयोगी पडतो. थेरपिस्टने हातपाय हलवून दिल्याने मेंदू फारसा शिकत नाही.

ऑस्ट्रेलियात आयोना नोव्हाक आणि सहकाऱ्यांनी 2009 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला, त्याच्याबद्दल जरा थांबून सांगते. 36 मुलं होती. घरी करायचा कार्यक्रम कुटुंबाबरोबर बसून ठरवला होता. आधी भागीदारीचं बोलणं, मग कुटुंबाने निवडलेली ध्येयं, मग त्यासाठी योग्य उपाय, मग अधूनमधून पाठबळ, आणि शेवटी काय साधलं याची तपासणी. आठ आठवड्यांत, घरचा कार्यक्रम नसलेल्या मुलांच्या तुलनेत, या मुलांमध्ये फरक दिसला. आणि घरच्यांनी किती वेळ दिला होता? महिन्यातून सतरा-अठरा वेळा, एका वेळी सुमारे सोळा-सतरा मिनिटं. रोज नाही, दिवसातून तीनदा नाही. ध्येय त्यांचं स्वतःचं होतं आणि कोणीतरी विचारपूस करत होतं, म्हणून तेवढ्यात काम झालं. हा अभ्यास लहान होता, पण ज्या ज्या आईने आमच्यासमोर मान खाली घातली आहे, तिला हे आकडे कोणीतरी सांगायला हवेत.

भागीदारीत दुसरी अट आहे ती खरं बोलण्याची. प्रत्येक आई एकच प्रश्न विचारते, "डॉक्टर, चालेल ना?" आणि आम्ही काय म्हणतो? बघू या. प्रयत्न करत राहा. लहान आहे अजून. या उत्तरांत दया आहे, पण ती आईवडिलांना अंधारात ठेवते. आज या प्रश्नाचं बऱ्यापैकी उत्तर देता येतं. मॅकमास्टरच्याच गटाने 1997 साली मुलांच्या हालचालींच्या क्षमतेचे पाच स्तर मांडले. पहिल्या स्तरावरची मुलं आधाराशिवाय चालतात, पाचव्यावरच्यांना मान आणि धड सावरायलाही मदत लागते. मूल दोन वर्षांचं होईपर्यंत स्वतः बसू लागलं तर पुढे चालण्याची शक्यता चांगली असते. आणि हालचालींच्या क्षमतेचा मोठा भाग पाचेक वर्षांपर्यंत आकाराला येतो, गंभीर मुलांमध्ये त्याही आधी. हे सांगायला जीभ जड होते. पण जी आई नऊ वर्षांच्या, पाचव्या स्तरावरच्या मुलाला चालवण्यासाठी रोज दोन तास घालवते आहे, तिचे ते दोन तास कोण परत देणार? त्याच वेळात त्याला चित्रांवर नजर रोखून 'हो' आणि 'नाही' सांगायला शिकवता आलं असतं. चाकाची खुर्ची नीट बसवून घेता आली असती. आणि खुब्याचा एक्स-रे काढून घेता आला असता, कारण याच मुलांचे खुबे निसटण्याचा धोका सर्वांत जास्त असतो, पाचव्या स्तरावर तर दहातल्या नऊ मुलांना. दुखणाऱ्या खुब्याने रात्ररात्र रडणारं मूल हट्टी आहे म्हणून मार खातं, हे मी बघितलं आहे. एक्स-रे वेळेवर काढायचा, हे आईला माहीत असलं तर ती आम्हाला आठवण करून देईल. भागीदाराने असंच करायचं असतं.

आता जरा घरात येऊ या, कारण खरी थेरपी तिथे आहे आणि तिथली माहिती आमच्याकडे नसते. आपल्याकडे मूल कडेवर घेतात. पायांची कात्री होणाऱ्या मुलाला पाय फाकवून कडेवर घेतलं तर त्याच्या मांड्यांच्या आतल्या स्नायूंना चांगला ताण मिळतो, त्याला जग उभ्याने दिसतं आणि आईचा एक हात मोकळा राहतो. वेगळा व्यायाम कशाला? मात्र मूल वाढलं की तीच सवय आईची कंबर मोडते, तेव्हा ती कधी सोडायची हे आपण दोघींनी मिळून ठरवायचं. भरवण्याचं बघा. मांडीवर आडवं घेऊन, मान मागे टाकून, पातळ वरण-भात घशात ओतला जातो. हेतू एकच, पोटात काहीतरी जावं. पण ठसका लागतो, अन्न श्वासनलिकेत जातं आणि महिन्याआड छातीचं दुखणं सुरू होतं. पाठ टेकवून सरळ बसवलं, हनुवटी किंचित खाली आणली, पातळ वरणाऐवजी घोटलेली दाट खिचडी दिली, चमचा समोरून नेला आणि त्याने तोंड मिटेपर्यंत थांबलं, तर पुष्कळ मुलांचं निभावतं. ज्यांचं नाही निभावत त्यांना लगेच तज्ज्ञाकडे पाठवायचं.

ज्या मुलांचा एकच हात अवघडलेला असतो त्यांच्यासाठी आमच्याकडे महागडी खेळणी आहेत. आपल्या स्वयंपाकघरात काय आहे? मटार सोलायचे असतात, लसूण सोलायची असते, कणकेचे गोळे करायचे असतात, रुमाल पिळायचा असतो. यातलं एकही काम एका हाताने होत नाही. आणि सोललेले मटार संध्याकाळी भाजीत पडतात, सगळे खातात, "तू सोललेस" म्हणतात. प्लास्टिकच्या ठोकळ्यांच्या वाट्याला हे कौतुक कुठून येणार? आजीच्या तेलमालिशीचीही अनेक थेरपिस्ट टिंगल करतात. मालिशीने मेंदूतली इजा भरून येत नाही, हे आजीला सांगावंच. पण मालिश करताना मूल सैल होतं, शांत होतं, हसतं, आणि आजी त्याच्याशी बोलते. त्याच वेळेला तिला दोन गोष्टी दाखवल्या तर ती त्या मनापासून करते. आजी आपल्या बाजूला आली की सुनेला ऐकून घ्यावं लागणं निम्मं कमी होतं.

आता सगळं व्याख्यान मी 'आई' म्हणत बोलते आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेल. शीर्षकातही आईच आहे. कारण थेरपीच्या खोलीबाहेर बाकावर आईच बसलेली असते. पण हे असंच चालू राहावं असं मला मुळीच वाटत नाही. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी झाली, केंद्रं बंद पडली आणि आम्ही मोबाइलवर बघून थेरपी करू लागलो. तेव्हा मोबाइल कोणी धरला? वडिलांनी. पहिल्यांदाच त्यांना दिसलं की आपलं मूल पाणी कसं मागतं, कोणत्या बाजूला कलतं. पुढे केंद्रं उघडली, आणि बाकावर परत आई. वडिलांच्या सुटीचा दिवस बघून त्यांना बोलवायचं, असं किती केंद्रांमध्ये होतं? तपासणीच्या नोंदीत 'आईने काय सांगितलं' या रकान्याखाली 'वडिलांनी काय सांगितलं' हा रकाना किती ठिकाणी असतो? भावंडांबद्दलही एक सांगते. मोठी बहीण ही या मुलांची सर्वांत चांगली खेळगडी असते, पण तिला दुसरी आई करू नका. तिची शाळा, तिचे खेळ, तिची चिडचिड हे सगळं तिचं आहे.

इथपर्यंत मी घराबद्दल बोलले. पण घराकडून मागताना घराला काय दिलं, हा प्रश्न सरकारला आणि समाजाला विचारायलाच हवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात 2013 साली आपल्या पालघरहून झाली. अंगणवाडीत आणि शाळेत मुलांची तपासणी करायची, अडचण दिसली तर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवायचं, अशी त्याची रचना. रचना चांगली आहे. पण जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावरून सात वर्षांच्या मुलाला उचलून जिल्ह्याच्या ठिकाणी आणायचं म्हणजे काय, हे त्या रचनेत बसत नाही. 2023पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, त्याचा या आयांना खरोखर उपयोग झाला. मजुरी मात्र पूर्ण बुडते. एप्रिल 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिमाचलमधल्या एका सरकारी महाविद्यालयातल्या शिक्षिकेच्या प्रकरणात सांगितलं की अपंग मुलाच्या आईला संगोपनासाठी रजा नाकारणं हा घटनेने राज्यावर टाकलेल्या कर्तव्याचा भंग ठरेल. फार महत्त्वाचा विचार आहे. पण सरकारी नोकरी असलेल्या आया किती? कांदे खुडायला जाणाऱ्या बाईला रजा कोण देणार?

म्हणून सेवाच गावाकडे गेली पाहिजे, आणि ती पालकांच्या गटातून गेली पाहिजे. दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतात 'हंबिसेला' नावाचा एक प्रशिक्षणक्रम तयार झाला. त्याच्या आधारावर लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनने बांगलादेशात ग्रामीण पालकांसाठी गटांचा कार्यक्रम बसवला. गावातच ठरावीक दिवशी जमायचं, एका बैठकीत मुलाला बसवणं-उचलणं, दुसऱ्या बैठकीत भरवणं, कधी खेळ, कधी बोलल्याशिवाय एकमेकांना समजून घेणं, आणि कधी गावातले लोक काय म्हणतात यावर बोलणं. शेवटी गट पालकांनीच चालवायचा. महाराष्ट्रात प्रत्येक गावात अंगणवाडी आहे, आशाताई आहे, बचत गट चालवण्याचा बायकांना दांडगा अनुभव आहे. तालुक्यातल्या दहा-पंधरा कुटुंबांनी महिन्यातून एकदा एकत्र यायला आपल्याला आणखी काय हवं? एक फिरता थेरपिस्ट आणि त्याचा पगार. तेवढं तरी आपण मागू या. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत या मुलांना 1 लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य विमा संरक्षण आहे, त्यात नियमित थेरपीचाही समावेश आहे. ही माहिती एक आई दुसरीला सांगते तेव्हा ती पोचते, भिंतीवरच्या फलकावरून नाही.

एकटं पडलेलं कुटुंब फसवलं जातं, हेही सांगितलं पाहिजे. स्टेम सेलची इंजेक्शनं देऊन मूल चालतं करू, असं सांगणारी दुकानं आहेत. जमिनी विकून पैसे भरले जातात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार असे उपचार सेरेब्रल पाल्सीसाठी फक्त परवानगी घेतलेल्या वैद्यकीय चाचणीतच करता येतात, आणि चाचणीत भाग घेणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नसतात. कोणी पैसे मागितले तर तिथून उठून यावं. पण त्या दुकानात ही माणसं का जातात? कारण तिथे त्यांना तासभर बसवून त्यांचं ऐकून घेतलं जातं. आमच्याकडे पाच मिनिटं मिळतात. याचं उत्तर आम्हालाच द्यावं लागेल.

आणि आता भागीदारीतल्या तिसऱ्या माणसाबद्दल. ते मूल. मुंबईत मिठू अलूर यांनी 1972 साली स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली, तेव्हा त्या एका सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलीच्या आई होत्या. म्हणजे या देशात या मुलांच्या शिक्षणाचं मोठं काम एका पालकाने उभं केलं. भागीदार होण्यासाठी तिने कोणाच्या निमंत्रणाची वाट पाहिली नाही. त्या मुलीचं नाव मालिनी चिब. त्यांना बोलायला त्रास होतो. पण एका बोटाने टंकलेखन करत त्यांनी लंडनमध्ये पदव्युत्तर शिक्षण घेतलं आणि 2010 साली 'वन लिटल फिंगर' हे आत्मचरित्र प्रसिद्ध केलं. आपल्या मुलाला पुस्तक लिहायला जमेलच असं नाही, आणि जमलं नाही म्हणून त्याचं मोल कमी होत नाही. पण काय घालायचं, कोणाशेजारी बसायचं, आज व्यायाम नको, हे त्याला सांगता येऊ शकतं. नजरेने, चित्राने, एका आवाजाने. ते आपण ऐकतो का?

मूल दहा-अकरा वर्षांचं झालं की उपचार ठरवताना त्याला समोर बसवून विचारलं पाहिजे. स्प्लिंट रात्री घालायचा की दिवसा? शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे प्लास्टरमध्ये राहायचं आहे, त्याची तयारी आहे का? शाळेची सहल कधी आहे, ती चुकणार का? अठरा वर्षं पूर्ण झाली की कायद्याने ते सज्ञान होतं. ज्याला स्वतःचे निर्णय घेणं खरंच अशक्य आहे, त्याच्यासाठी 1999च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज करून पालकत्व घेता येतं. आणि 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याने असा आग्रह धरला आहे की निर्णय घेताना त्या व्यक्तीला आधार द्यावा, तिच्या इच्छेला धरून चालावं. माझी पालकांना विनंती आहे, हे अर्ज अठराव्या वर्षी घाईत करू नका. सोळाव्या वर्षीच मुलाशी बोला. आपल्यानंतर त्याला कोणाजवळ राहायला आवडेल, हा प्रश्न विचारायला आईवडिलांना फार धीर लागतो. पण ज्याच्या आयुष्याचा हा प्रश्न आहे त्याला सोडून तो इतर सगळ्यांशी बोलला जातो.

माझी वेळ संपत आली आहे. आयोजकांना एक विनंती करून थांबते. आता प्रश्नोत्तरं आहेत. पहिल्या रांगेत डॉक्टर मंडळी आहेत, माझे सहकारी थेरपिस्ट आहेत, आणि तुमच्याकडे प्रश्न तयार असतील. पण मागे, दाराजवळच्या खुर्च्यांवर काही कुटुंबं मुलांना घेऊन बसली आहेत. मुलं आता कंटाळली आहेत आणि यांतल्या काहींना शेवटची बस गाठायची आहे. ध्वनिक्षेपक आधी तिकडे न्यावा.